सोनोमाची रोड कोर्स शर्यत (२८ जून): पाहताना नजर नेमकी कुठं ठेवायची?

दारव्हा_पाना

राजेहो, नॅसकारच्या कप मालिकेत (अमेरिकेतली स्टॉक कार शर्यतींची सगळ्यात वरची मालिका) यंदा, म्हणजे २०२६ ला, २१ जूनला सॅन दिएगोच्या नौदल तळावरची शर्यत आणि लगेच २८ ला सोनोमा. सॅन दिएगो सगळ्यांनाच नवीन, त्याचं तिथं गेल्यावरच कळेल. म्हणून प्रश्न सोनोमाचा.

ओव्हलची शर्यत आम्हा सहा-सात जणांना बऱ्यापैकी उमजते. डावीकडे वळत राहायचं, पुढच्या गाडीचा हवेला आडोसा घ्यायचा, उजव्या पुढच्या टायरची झीज सांभाळायची. रोड कोर्स, म्हणजे डाव्या-उजव्या वळणांचा ट्रॅक, लागला की मात्र सगळा हिशेबच फिरते. काही गोष्टी समजून राहिल्या नाहीत, जाणकारांनी सांगा.

एक, बारा वळणांतली कोणती पाहायची? सगळीकडे तर कॅमेरा जात नाही. दोन, पहिल्या नंबरची गाडी काही न बिघडता एकदम पंधराव्या जागी काहून दिसते, आणि समालोचक म्हणते की तीच बरी स्थितीत आहे? तीन, ब्रेक मारताना मागची चाकं उड्या मारतात आणि गाडी गरकन फिरते, ते नेमकं काय असते? चार, यंदा रोड कोर्सवर ताकद ६७० ची ७५० हॉर्सपॉवर केली, त्याचा फरक कुठं दिसेल? आणि पाच, शेन व्हॅन गिस्बर्गनला सोडून कोणाचं नाव घ्यायचं?

मृग लागलं आहे, पेरणीची घाई आहे, त्यात पाऊस आला की टॉवर जाते. म्हणून जे सांगाल ते कागदावर लिहून ठेवण्यासारखं सांगा.

परतवाडा_घाटवळण

पहिले ट्रॅक डोक्यात बसवा, बाकीचं त्यातूनच निघतं.

सोनोमा म्हणजे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, द्राक्षमळ्यांच्या मुलखात डोंगरउतारावर वळवळत गेलेला रस्ता. एक फेरी १.९९ मैल, म्हणजे ३.२ किलोमीटर. फेऱ्या ११०, एकूण २१८.९ मैल, आपल्या हिशेबात ३५२ किलोमीटर. शर्यतीच्या नावातला ३५० हा आकडा किलोमीटरचाच आहे. चांगली फेरी साधारण सव्वा मिनिटाची. सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या जागेत १६० फुटांचा, म्हणजे जवळपास ५० मीटरचा फरक.

जुन्या चित्रफिती पाहून तयारी करणार असाल तर वर्ष तपासा. २०१९ आणि २०२१ च्या शर्यती २.५२ मैलांच्या लांब फेरीवर झाल्या, तेव्हा फेऱ्या ९० होत्या आणि ५-६ नंबरचा मोठा वळसा वापरात होता. २०२२ पासून तो वळसा सोडून ४ वरून सरळ ७ कडे उतरणारी जवळची वाट पुन्हा धरली. ट्रॅकवर नवीन डांबर २०२४ मध्ये पडलं. तेव्हा टायर किती टिकतात हे पाहायचं तर २०२४ आणि २०२५ च्याच शर्यती पाहा.

आता वळणं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट ज्यांनी चढला-उतरला आहे त्यांना हा ट्रॅक लवकर कळेल. सुरुवातीची रेषा ओलांडली की लगेच चढ. १ नंबरचं डावं वळण वेगातच निघतं, २ नंबरचं उजवं चढावर आहे आणि बाहेर पडताना रस्ता गाडीला बाहेर ढकलतो. ३ आणि ३अ वर माथा येतो, पलीकडचा रस्ता दिसत नाही, स्टिअरिंग आधी वळवावं लागतं आणि रस्ता मागून दिसतो. तिथून ४ कडे उतार. मग खाली ७ नंबर, उजवीकडचं हळू वळण. त्यानंतर ८, ८अ, ९ अशी नागमोडी, १० नंबरचं वेगवान उजवं, आणि शेवटी ११ नंबरची उजवी हेअरपिन.

सगळं पाहू नका. ७ आणि ११, एवढी दोनच वळणं धरा. ओव्हरटेक तिथंच होतात, कारण दोन्हीकडे वेगातून येऊन जोरात ब्रेक मारावा लागतो. ४ नंबरवर कधीमधी कोणी घुसतं, पण उतारावर ब्रेक मारणं अवघड, तिथं घुसणाऱ्याचंच जास्त वेळा चुकतं.

११ वर पाहायची खूण सांगतो. उजव्या वळणात गाडीचं वजन डावीकडे जातं, म्हणून आतलं, म्हणजे उजवं पुढचं चाक हलकं पडतं. ड्रायव्हरनं वळता वळता ब्रेक दाबून धरला तर सगळ्यात आधी तेच चाक लॉक होतं. पांढऱ्या धुराचा बारीक फवारा उजव्या पुढच्या चाकाखालून निघाला की समजा टायरला सपाट चट्टा पडला. एका चट्ट्यानं काही होत नाही. पण दर फेरीला चाक त्याच जागी लॉक होऊ लागतं, कारण सपाट भाग रस्त्यावर येऊन थांबणं सोपं जातं. मग स्टिअरिंगला हादरे बसतात, ड्रायव्हर ब्रेक लवकर मारू लागतो आणि मागचा त्याला गाठतो. टायर अगदीच फुटलं तर या गाडीचं आणखी एक दुखणं आहे. तिचा तळ सपाट पत्र्यासारखा बंद आणि जमिनीला लागून आहे. हवा गेली की गाडी तळावर बसते, चाकं नुसती फिरतात, ओढून न्यावी लागते. तेवढ्यात पिवळा झेंडा (सगळ्यांनी हळू चालायचं) निघतो आणि सगळ्यांचे हिशेब मोडतात.

मागच्या चाकांच्या उड्यांबद्दल. ब्रेक मारला की वजन पुढं जातं आणि मागची चाकं हलकी होतात. त्याच क्षणी ड्रायव्हरनं घाईनं एकामागून एक गियर खाली पाडले, तर इंजिन मागच्या चाकांना अडवतं. टायर पकड सोडतं, लगेच पुन्हा धरतं, पुन्हा सोडतं. दर पकडीला ड्राइव्ह शाफ्ट आणि सस्पेन्शनचे आर्म थोडे पिळले जातात आणि स्प्रिंगसारखे उलट झटका देतात. हे एका सेकंदात कितीतरी वेळा होतं. टीव्हीवर गाडीचा मागचा भाग थरथरताना दिसतो तो हाच. त्या वेळी स्टिअरिंग जरा जरी वळलेलं असलं तरी मागचा भाग पुढं येतो.

उपाय तीन आहेत आणि ड्रायव्हर तिन्ही वापरतात. गियर पाडताना ॲक्सिलरेटरला टिचकी मारून इंजिनचे फेरे वाढवायचे, म्हणजे इंजिन आणि चाकं एका चालीत येतात. दुसरं, गियर थोडा उशिरा, वेग उतरल्यावर पाडायचा. तिसरं, गाडीतल्या खुंटीनं ब्रेकचा जोर पुढच्या चाकांकडे सरकवायचा. पण जोर फार पुढं नेला तर वर सांगितलेलं उजवं पुढचं चाक लॉक होतं. मागची चाकं वाचवावी तर पुढची मार खातात, या दोन्हींच्या मध्ये दिवसभर रस्ता काढावा लागतो. टायर झिजतात तशी ती खुंटी दर दहा-पंधरा फेऱ्यांनी फिरते.

या गाडीत पाच गियरचा सिक्वेन्शियल गियरबॉक्स आहे, दांडी पुढं-मागं एवढंच. २०२२ मध्ये ही गाडी आली तेव्हा मागं अखंड ॲक्सलऐवजी दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आलं. चाकाला पाच नटांऐवजी मधोमध एकच मोठा नट, रिम १८ इंची. रोड कोर्सवर पुढच्या ब्रेकची डिस्क मोठी, १५ इंच व्यासाची असते.

एक बारकावा राहिला. वळणाच्या कडेचा रंगीत उंचवटा चाकाखाली जोरात आला की ब्रेकचे पॅड डिस्कपासून थोडे मागं ढकलले जातात. मग पुढच्या ब्रेकला पेडल नेहमीपेक्षा खोल जातं. जाणता ड्रायव्हर सरळ रस्त्यावर पेडल हलकेच एकदा दाबून पॅड जागेवर आणून ठेवतो. ड्रायव्हरच्या पायाचा कॅमेरा दाखवला तर ही टिचकी नक्की दिसेल. ज्याला ती मारायची आठवण राहत नाही तो ७ वर सरळ पुढं निघून जातो आणि परत येताना चाकाला लावून माती ट्रॅकवर आणतो. पुढच्या दोन-तीन फेऱ्या तिथं सगळ्यांनाच जपून जावं लागतं.

वर्धा_हिशेबवही

वरचं सगळं बरोबर. पण सोनोमा जिंकायची तर वळणांइतकाच पिटचा, म्हणजे टायर-तेलासाठी थांबण्याचा, हिशेब जमावा लागतो, आणि तो हिशेब शेवटाकडून सुरुवातीकडे मांडायचा असतो. हे एकदा डोक्यात बसलं की पहिला नंबर पंधरावा काहून होतो ते आपोआप सुटतं.

टाकीत २० गॅलन, म्हणजे साधारण ७५ लिटर. पेट्रोलमध्ये १५ टक्के इथेनॉल. आपल्या पंपावर २० टक्क्यांचं मिळतं, तर मिश्रण आपल्याला अनोळखी नाही. भरलेली टाकी सोनोमावर हिरव्या झेंड्याखाली (पूर्ण वेगात) चाळीसच्या आतबाहेर फेऱ्या नेते. म्हणजे लिटरला पावणेदोन किलोमीटरच्याही आत. यंदा ताकद वाढली आहे, म्हणून ४० हा आकडा वरची मर्यादा समजा.

आता उलट मोजा. ११० मधून ४० गेले, उरले ७०. सत्तराव्या फेरीला किंवा त्यानंतर जो पिटमध्ये गेला तो पुन्हा न थांबता शेवटाला पोचतो. ७० च्या आधी गेला त्याला एक तर पुन्हा यावं लागेल, नाही तर तेल वाचवत रांगावं लागेल, नाही तर पिवळ्या झेंड्याची वाट पाहावी लागेल. पिवळ्याखाली गाड्या हळू चालतात, तेल साधारण निम्मंच जातं.

शर्यतीचे तीन टप्पे पाडलेले असतात, ते याच्यात येऊन मिळतात. सोनोमाला पहिला टप्पा २५ व्या फेरीला आणि दुसरा ५५ व्या फेरीला संपतो असं धरा, शर्यतीच्या दिवशी एकदा तपासा. टप्पा संपला की पिवळा झेंडा निघतो. टप्प्यात पहिल्या येणाऱ्याला १० गुण, पुढं उतरत दहाव्याला १. टप्पा संपायच्या दोन फेऱ्या आधी पिटची वाट बंद होते. म्हणून काही जण वाट बंद व्हायच्या आत, २२ व्या फेरीच्या सुमारास, आत जातात. टप्प्याचे गुण सोडतात. बाकीचे बाहेर राहून गुण घेतात आणि पिवळ्याखाली पिटमध्ये जातात. ते आत गेले की आधी थांबून आलेले सगळे एकदम पुढं. तुम्ही विचारलं ते हेच. गाडी १५ वर दिसते, पण तिच्या पुढच्या चौदांपैकी बाराजणांचं थांबणं बाकी असेल तर खरी जागा तिसरी.

सोनोमावर दोन रस्ते आहेत. दोनदा थांबायचं: ३५ च्या सुमारास एकदा, ७०-७३ ला एकदा. पिटमधला वेळ वाचतो, पण प्रत्येक टायरवर ३५ ते ४० फेऱ्या काढाव्या लागतात. तीनदा थांबायचं: २२, ५१-५२, आणि ८० च्या आसपास. टायर कायम ताजे, पण एक थांबा जास्तीचा आणि दर वेळी गर्दीतून वर यावं लागतं. डांबर नवीन असताना टायर कमी झिजतात, जसं जुनं होतं तसं ते टायर खायला लागतं, आणि तिसरा थांबा परवडू लागतो. माझ्या मते यंदा तीनदा थांबणारे वरचढ ठरतील, कारण वाढलेली ताकद मागच्या टायरवरच निघणार.

२०२४ ची शर्यत या हिशेबाचा उत्तम धडा आहे. काइल लार्सननं शेवटचे टायर मार्टिन ट्रूएक्स ज्युनियर आणि ख्रिस बुशरपेक्षा उशिरा घेतले. ते दोघं पुढं होते, पण जुन्या टायरवर आणि तेल जपत. लार्सन ताज्या टायरवर मागून आला, शेवटच्या काही फेऱ्यांत दोघांनाही ओलांडून जिंकला. ट्रूएक्सचं तेल शेवटच्या फेरीत संपलं आणि दुसरा नंबर हातातला गेला.

तेल वाचवण्याची रीत साधी असते. ७ आणि ११ च्या ब्रेकच्या खुणेआधीच ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि गाडी वाहू द्यायची, गियर वर टाकताना इंजिन पूर्ण ताणायचं नाही. पिवळ्याखाली काही जण इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडतात. ते इथं धोक्याचं, कारण पुढं चढ आहे. २०१० मध्ये मार्कोस अँब्रोस सहा-सात फेऱ्या बाकी असताना पहिला होता. पिवळ्याखाली तेल वाचवायला त्यानं इंजिन बंद केलं, चढावर ते परत लागेना, गाडी थांबली आणि पहिली जागा गेली. जिमी जॉन्सन जिंकला.

आणखी एक. ११० ही शेवटची फेरी असेलच असं नाही. शेवटाला पिवळा निघाला तर दोन-दोन फेऱ्यांची जादा शर्यत होते, आणि ती कितीदाही होऊ शकते. म्हणून शहाणा संघ तीन-चार फेऱ्यांचं तेल शिल्लक धरतो.

पिटमध्ये पाहायचं ते तेलवाल्याकडं. चारही टायर साधारण नऊ-दहा सेकंदांत बदलून होतात, जॅक खाली येतो, तरी तेलवाला लागलेलाच असतो. दोन कॅन रिकामे व्हायला टायरपेक्षा जास्त वेळ लागतो, कारण पंप नाही, तेल आपल्या वजनानं उतरतं. एकच कॅन ओतून गाडी सुटली तर लिहून ठेवा, तिला पुन्हा यावं लागणार.

पांढरकवडा_लीव्हर

पाचव्या प्रश्नाचं उत्तर देतो, आणि वर्धावाल्या दादांशी एका ठिकाणी माझं जुळत नाही.

शेन व्हॅन गिस्बर्गनला बाजूला ठेवून बोलताच येत नाही. न्यूझीलंडचा माणूस, ऑस्ट्रेलियाच्या सुपरकार्स मालिकेचा तीनदा विजेता. २०२३ मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर कप मालिकेतली आयुष्यातली पहिलीच शर्यत जिंकला. २०२५ मध्ये मेक्सिको सिटी, शिकागो, सोनोमा, वॉटकिन्स ग्लेन आणि शार्लटचा रोव्हल (ओव्हल आणि आतला रस्ता जोडून केलेला ट्रॅक), अशा पाच जिंकल्या. सोनोमाला पहिल्या जागेवरून सुटला आणि ११० पैकी ९७ फेऱ्या पुढं राहिला. यंदा त्याच्या गाडीचा नंबर ९७ आहे, मागच्या वर्षीचा ८८ नाही. ८८ आता त्याच संघातल्या कॉनर झिलिशकडे आहे. पाहताना घोटाळा होऊ देऊ नका.

त्याचं वेगळेपण पायात आहे. या मालिकेतले बहुतेक जण डाव्या पायानं ब्रेक मारतात आणि क्लचला हातच लावत नाहीत, म्हणजे पायच लावत नाहीत. हा उजव्याच पायानं ब्रेक दाबतो, त्याच पायाच्या कडेनं ॲक्सिलरेटरला टिचकी देतो आणि डाव्या पायानं क्लच मारतो. क्लच दाबलेला असतो त्या क्षणी इंजिन मागच्या चाकांना ओढू शकत नाही. म्हणून परतवाड्याच्या भाऊंनी सांगितलेल्या उड्या त्याच्या गाडीत कमी. मागची टायर वाचतात आणि वीस फेऱ्यांनंतर तो तसाच पळत असतो.

पण तो हरतच नाही असं नाही. २०२४ मध्ये वॉटकिन्स ग्लेनला जादा फेऱ्यांत तो पुढं होता, शेवटच्या फेरीला त्याची गाडी कठड्याला घासली आणि ख्रिस बुशर जिंकला. त्याला हरवायचं असेल तर लांब हिरव्या झेंड्याखाली नाही, पिवळ्यानंतर पुन्हा सुरुवात होते तेव्हा हरवावं लागेल. सगळ्या गाड्या दोन-दोनच्या ओळीत, टायर थोडे थंड, आणि पुढं २ नंबरचं उजवं वळण चढावर. उजव्या ओळीला आतली बाजू मिळते. डाव्या ओळीतली गाडी वेगात असली तरी बाहेर ढकलली जाते. शेवटच्या तीस फेऱ्यांत पिवळे झेंडे जास्त निघाले तर त्याचा टायर जपण्याचा फायदा उरत नाही. मागच्या वर्षीही शेवटाला त्याला अशी सुरुवात करावी लागली होती. चेस ब्रिस्को दुसरा आणि चेस एलियट तिसरा आला, फरक सेकंदाच्या थोडा वर.

माझी नावं अशी. काइल लार्सन, २०२१ आणि २०२४ चा इथला विजेता. दोन्ही विजय वेगवेगळ्या आखणीवर आणि वेगवेगळ्या डांबरावर मिळवले, हे मला जास्त मोलाचं वाटतं. टायलर रेडिक, ब्रेक उशिरा मारणारा. ख्रिस बुशर, टायर जपणारा, नाव मोठं नाही पण शेवटच्या वीस फेऱ्यांत नेहमी जवळपास असतो. क्रिस्टोफर बेल, २०२५ मध्ये ऑस्टिनच्या ट्रॅकवर जिंकला. आणि झिलिश, ज्यानं मागच्या वर्षी सोनोमालाच शनिवारच्या खालच्या मालिकेत गिस्बर्गनला मागं टाकून शर्यत घेतली. फक्त त्याचं हे कप मालिकेतलं पहिलं पूर्ण वर्ष, आणि ११० फेऱ्या म्हणजे शनिवारपेक्षा बरंच लांबचं अंतर. डॅनियल सुआरेझचं नावही लिहून ठेवा, त्याचा पहिला विजय २०२२ मध्ये इथलाच, यंदा तो दुसऱ्या संघात आहे.

आता जिथं जुळत नाही ते. दादा म्हणाले टप्प्याचे गुण सोडून लवकर थांबणारे आणि तीनदा थांबणारे वरचढ. मागच्या वर्षापर्यंत ते खरं होतं, कारण एक विजय मिळाला की हंगामाच्या शेवटच्या विजेतेपदाच्या लढतीत जागा पक्की होत होती, गुण गेले तरी चालत होतं. यंदा तो नियम नाही. २६ शर्यतींनंतर गुणांवर वरचे १६ त्या लढतीत जातात. जिंकणाऱ्याला ५५ गुण, दुसऱ्याला ३५. म्हणजे विजयाची किंमत वाढली, पण विजय हा परवाना उरला नाही. जो १४ ते १८ या जागांवर आहे तो २२ व्या फेरीला हातचे आठ-दहा गुण सोडणार नाही. म्हणून शर्यत दोन भागांत फुटेल. वरचे पाच-सहा आणि ज्यांना गुमावण्यासारखं काही नाही ते लवकर थांबतील, मधले बाहेर राहतील. शर्यतीआधी गुणतक्ता उघडून कोण १४ ते १८ मध्ये आहे ते लिहा. त्यांची पिटची चाल आधीच कळेल.

वर्धा_हिशेबवही

गुणांचा मुद्दा मान्य. मी तो कमी लेखला होता. मधल्या गाड्या बाहेर राहिल्या तर लवकर थांबलेल्यांना २५ नंतर उलट फायदा जास्त, कारण त्यांच्या पुढून जास्त गाड्या पिटमध्ये जातील. पण ५५ ला मधले काय करतील ते सांगणं कठीण, कारण तिथून ७० फक्त १५ फेऱ्यांवर आहे. ५५ ला थांबून शेवटाला पोचता येत नाही. तिथं बाहेर राहणंच बरं, तेल पुरत असेल तर.

परतवाडा_घाटवळण

७५० हॉर्सपॉवरचा प्रश्न राहून गेला. इंजिन तेच, ५.८६ लिटरचं पुशरॉड व्ही-८. बदल इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत आहे. तिथं एक निमुळत्या छिद्रांची पट्टी बसवतात, तिला टेपर्ड स्पेसर म्हणतात. छिद्र मोठं केलं की हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त.

फरक सरळ रस्त्यावर शोधू नका, तिथं फार दिसणार नाही. ११ मधून बाहेर पडताना पाहा. हेअरपिनमध्ये वेग अगदी कमी, गियर खालचा, आणि स्टिअरिंग अजून वळलेलं. त्या वेळी पाय जरा जास्त पडला तर मागची चाकं जागेवरच फिरतात. काळ्या ओल्या मातीत ट्रॅक्टरचं चाक फिरायला लागलं की आणखी ॲक्सिलरेटर दिल्यानं ते फक्त खोल जातं, पुढं जात नाही, तसंच. इथं चाक खोल जात नाही, तापतं. मागच्या टायरचा पृष्ठभाग एकदा जास्त तापला की रबर चिकट न राहता घसरू लागतं, पुढच्या फेरीला ते आणखी लवकर फिरतं, आणखी तापतं. दहा-बारा फेऱ्यांत गाडी अर्ध्या सेकंदानं मंदावते. पूर्वी ६७० वर हे ७ आणि ११ वर होत होतं, आता ४ वरून निघतानाही होईल. आवाजावर कान ठेवा. बाहेर पडताना इंजिनचा आवाज एकसारखा चढत गेला तर टायर धड आहे. मध्येच आवाज एकदम उंच जाऊन खाली आला तर चाक फिरलं.

पावसाचं विचारलं नाही तरी सांगतो, पावसाळी टायर संघांकडं असतात, पण कॅलिफोर्नियात जून कोरडाच जातो. तो हिशेब सोडून द्या.

दारव्हा_पाना

एवढं कोणी सांगितलं नव्हतं बाप्पा. चित्र आता स्पष्ट झालं. दोनच गोष्टी आणखी. वेळ नेमकी कशी काढायची, आणि नेट गेलं तर वहीत काय लिहीत राहायचं, की परत आलं तेव्हा कुठं काय चाललं ते लगेच कळेल?

वर्धा_हिशेबवही

वेळ: सोनोमाच्या घड्याळात साडेबारा तास मिळवा. तिथं रविवारी दुपारचे साडेबारा म्हणजे आपल्याकडे सोमवारी रात्रीचा एक. वेळ अमेरिकेच्या पूर्वेकडची दिली असेल, बहुतेकदा तीच देतात, तर साडेनऊ तास मिळवा. तारीख २९ पडते हे घरी आधीच सांगून ठेवा.

चित्र अडकत असेल तर ओढाताण करू नका, नुसता फेरीनिहाय गुणफलक उघडा, त्याला नेट नावापुरतं लागतं. तीन फेऱ्या म्हणजे जवळपास चार मिनिटं, तेवढ्या अंतरानं एकदा पाहिलं तरी कोणाचं थांबणं सुटत नाही, कारण थांबलेली गाडी एकदम वीसेक जागा खाली दिसते.

वहीत सगळ्या गाड्या लिहू नका. पाच नंबर निवडा, दोन वरचे, दोन १४ ते १८ मधले आणि ९७. प्रत्येकाला एक ओळ. ओळीत फक्त थांबण्याची फेरी, टायर दोन की चार, कॅन एक की दोन. उदाहरणार्थ २२-४-२, ५२-४-२, ७९-४-१. शेवटच्या थांब्याच्या फेरीत ४० मिळवा, ते उत्तर ओळीच्या टोकाला लिहा. कॅन एकच असेल तर ४० ऐवजी २० मिळवा, आणि आधी टाकीत जे उरलं असेल तेवढं वर. ७९ ला एक कॅन घेऊन सुटलेल्या गाडीत ५२ ला भरलेल्या टाकीतलं तेराएक फेऱ्यांचं तेल उरलेलं होतं, म्हणून उत्तर ११२, ती शेवटाला पोचते, पण काठावरच. ६४ ला एक कॅन घेतलेली नाही पोचत. उत्तर ११३ पेक्षा कमी असेल तर त्या गाडीचं तेल संशयात आहे, मग ती पहिली का असेना.

पिवळा झेंडा निघाला की वरच्या कोपऱ्यात उभ्या रेघा मारत जा, पिवळ्याखालच्या एका फेरीला एक रेघ. दोन रेघांना एक फेरी टोकाच्या आकड्यात वाढवायची. आणि ७० वी फेरी आली की, नेट असो नसो, वहीभर एक आडवी रेघ मारा. त्या रेघेखाली ज्याचा एकही थांबा नाही, तो कुठंही दिसत असला तरी त्याचं आत जाणं बाकी आहे.